इसिद्राच्या नावाचं कापड

८ सप्टेंबर १९९५

मिर्ना, पोरी,

कान्कूनच्या त्या हॉटेलात दिवसभर चादरींना इस्त्री करतेस, तशी एखाद दिवशी स्वतःच्या अकलेलाही कर. चार महिन्यांत तुझ्या दोन ओळी नाहीत. आणि फोनच्या दुकानात मला बोलावणं पाठवू नकोस. तिथे मी बोलते आणि सगळं गाव ऐकतं.

आता कामाचं. तू विसरली असशील म्हणून पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं सांगते. आपल्याकडे माणूस पुरून तीन वर्षं झाली की त्याला वर काढतात, हाडं लाकडी पेटीत ठेवतात, आणि दर वर्षी मृतांच्या सणाआधी घरचं कुणीतरी जाऊन ती हाडं पुसतं, खाली नवं कापड घालतं. तुझ्या आजीची हाडं मी चार वर्षं पुसते आहे. एकटी. तुला तिनेच वाढवलं, तरी तू एकदाही आली नाहीस.

या वर्षी दफनभूमीच्या समितीने नवीन खूळ काढलं आहे. प्रत्येक पेटीपुढे दोन नावं हवीत: आज कोण पुसतं आणि उद्या कोण पुसणार. पुढच्या वर्षीच्या सणापर्यंत मुदत आहे. ज्या पेटीला दुसरं नाव नाही, ती पहिलं माणूस गेल्यावर सामाईक खड्ड्यात. आईच्या पुढे पहिलं नाव माझं आहे. दुसरी जागा कोरी आहे. मला पोर नाही, हे तुला माहीत आहे.

तर ऑक्टोबरच्या शेवटी ये. आणि या वेळचं कापड तू भर. मधे आईचं नाव, कडेला आपलं सात पाकळ्यांचं फूल. मी भरलं असतं, पण माझ्यामागे कामं फार आहेत.

ओळी वाकड्या दिसतील. टेबलाचा एक पाय आखूड झाला आहे.

तुझी आत्या,
फिदेलिया


२४ सप्टेंबर १९९५

आत्यास मिर्नाचा नमस्कार,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस कान लाल होते. रागाव, पण या वर्षी जमणार नाही. ऑक्टोबरअखेर हॉटेल भरलेलं असतं, सुटी मागितली तर मुकादमीण मलाच इस्त्रीखाली घालेल.

कापड मात्र पाठवते आहे. इथल्या बाजारात यंत्रावर भरून देतात, आजीचं नाव किती रेखीव आलंय बघ. सात पाकळ्यांचं फूल त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून गुलाब घातले. आजीला गुलाब आवडायचे ना?

समितीच्या यादीचं नंतर बघू. अजून वर्ष आहे. आणि तू कुठे जातेस एवढ्यात? तू आम्हा सगळ्यांना पुरून उरशील.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाल. तुझ्या ओळी डोंगर चढत होत्या.

मिर्ना


४ नोव्हेंबर १९९५

मिर्ना,

गुलाब मिळाले. आईला गुलाब कधीच आवडले नाहीत. गुलाब पाद्रीबाबांच्या बहिणीला आवडायचे. पण नाव आईचं होतं, म्हणून घातलं. यंत्राचा धागा हाताला तारेसारखा लागतो.

ऑक्टोबरातल्या वादळांनी दफनभूमीची मागची भिंत पाडली. दुरुस्तीसाठी रखवालदाराने सगळ्या पेट्या उचलून पुढच्या ओट्यावर कशाही मांडल्या आहेत. बायका नावं वाचत वाचत आपापली माणसं शोधत होत्या. मला कशाला नाव वाचायला हवं? पेट्यांतल्या कापडांच्या कडांवरून हात फिरवत गेले, सात पाकळ्यांचं फूल लागलं, आई सापडली.

फार धूळ बसली होती बिचारीवर. वर्षभरात एवढी कशी बसली कुणास ठाऊक, वादळाचीच असेल. तीन तास बसले. ब्रश सगळ्या खाचांतून फिरवला, कवटी तर आरशासारखी केली. डाव्या हाताच्या हाडावर ती गाठ असते ना, विहिरीवर पडून हात मोडला होता तेव्हाची, ती या वेळी लागलीच नाही. पुसून पुसून गुळगुळीत झाली असणार.

आणि बोलले पोटभर. तुझ्याबद्दल सांगितलं, की पोरीला शहराचं पाणी लागलंय, तिला आता आपल्या हाडांची किळस येते, पण मनाने वाईट नाही. मग शेजारच्या बोनिफासियाचं काढलं. तुझ्या आजीने जिला आपलं फूल शिकवलं आणि जिने ते जत्रेत स्वतःचं म्हणून मांडून बक्षीस घेतलं, ती. म्हटलं, आई, चोरटी इथेच कुठेतरी पडली असेल, पण तू निश्चिंत राहा, तिच्याकडे मी ढुंकूनही बघत नाही.

बोनिफासियाची लेक कास्तुला फाटकाशी उभी होती. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. पण या वेळी नुसती माझ्याकडे बघत राहिली, लिंबू गिळल्यासारखी.

सणाचा पिब केला होता, मक्याच्या पिठात कोंबडी भरून. जमिनीतल्या भट्टीतून काढला तेव्हा केळीच्या पानांचा वास थेट तुझ्या जुन्या झुल्यापर्यंत गेला. तुझा वाटा कोंबड्यांनी खाल्ला.

फिदेलिया


२६ नोव्हेंबर १९९५

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आजीच्या हातावरची गाठ मला चांगली आठवते. मी लहानपणी झोपताना तिच्यावर बोट ठेवून झोपायचे. ती सुपारीएवढी होती. मऊ ब्रशने चार वर्षांत हाड झिजत नाही आत्या, झिजलं असतं तर गावातल्या निम्म्या कवट्या एव्हाना कागद झाल्या असत्या.

तुझ्या ओळी आता एकमेकींवर चढतात. एका ठिकाणी तू एकाच जागी दोनदा लिहिलंयस. टेबलाचं नाव सांगू नकोस. खरं सांग, तुझ्या डोळ्यांना काय झालंय? आणि तू पुसलंस ते कुणाला?

तू खरं सांगावंस म्हणून मीही एक सांगते. मला किळस वाटत नाही. ते तुझ्या मनातलं काढून टाक. आजी गेली त्याच्या चार दिवस आधी तिने गावातून मला फोन लावला होता. मी इस्त्रीच्या खोलीतच होते. मला वाटलं, परत ये म्हणून रडेल, आणि ती रडली तर मी जाईन. म्हणून फोन घेतलेल्या बाईंना म्हटलं, मी नाही असं सांगा. त्यांनी तसं सांगितलं. मग थेट तुझी तार आली. ती खिशात ठेवून मी संध्याकाळपर्यंत चादरी इस्त्री केल्या.

जिच्याशी दोन शब्द बोलले नाही, तिची कवटी मांडीवर कोणत्या तोंडाने घेऊ?

मिर्ना


१५ डिसेंबर १९९५

मिर्ना,

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. परवाच मी सुईत दोरा ओवला. सकाळी सुरुवात केली होती.

स्वतःच्या आईला ओळखायला मला तुझी परवानगी नको. चार वर्षं तोंड न दाखवणाऱ्या पोरीने मला हाडं शिकवू नयेत.

फोनचं वाचलं. त्यावर आत्ता लिहीत नाही, कारण आत्ता मी रागावलेली आहे.

फिदेलिया


३ मार्च १९९६

मिर्नास,

या अक्षराची तुला ओळख नसेल. मी कास्तुला काउइच, तुमच्या कुंपणापलीकडची. तुझ्या आत्याला न सांगता लिहिते आहे. तुझा पत्ता पोस्टातल्या बाईकडून काढला.

मागच्या सणाला तुझ्या आत्याने पुसलं ते माझ्या आईला.

फाटकाशी उभी राहून मी बघत होते. आधी वाटलं, मुद्दाम करते आहे. हिला आता माझी आई पण हवी! ती गेल्यावर मी पाय आपटत ओट्यावर गेले, ते गुलाबाचं कापड ओढून फेकून द्यायला. पेटीवर वाकले आणि हात थांबला. पोरी, माझे गुडघे गेलेत. दोन वर्षं मी आईला पुसलं नव्हतं. गावात सांगत होते की पुसते. माझे तीन मुलगे उत्तरेला सीमेपलीकडे आहेत, तिघांनाही आजीचं नावसुद्धा धड आठवत नाही. आणि इथे माझी आई धुतल्या भांड्यासारखी स्वच्छ पडली होती. कानामागची खाचसुद्धा पुसलेली. मी कधी एवढं केलं नव्हतं.

मग मी तुझ्या आजीला शोधलं. चार पेट्या सोडून, भिंतीकडे. जुन्याच कापडावर. गुडघ्यांना शिव्या देत तिथे बसले आणि तिला पुसलं. डाव्या हाताला गाठ होती. ती गाठ मला ठाऊक आहे. इसिद्रा विहिरीवर पडली तेव्हा तिच्या हाताला पट्ट्या माझ्या आईने बांधल्या होत्या, मी दहा वर्षांची, चिंध्या फाडून देत होते. हाड जरा वाकडं जुळलं, म्हणून आई पुढे कित्येक वर्षं हळहळत होती. त्यानंतर ती जत्रा आली आणि सगळंच नासलं.

माझ्याकडे नवं कापड एकच होतं, आईच्या नावाचं. तेच तुझ्या आजीखाली घातलं. म्हणजे सध्या दोघी एकमेकींच्या नावावर निजल्या आहेत.

अजून एक. ते फूल इसिद्राचंच होतं. आईने मरताना मला सांगितलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या कापडांवर तेच फूल आहे, म्हणून तर तुझ्या आत्याचा हात फसला.

तिला जवळपास काही दिसत नाही. परवा कोंबडी समजून माझ्या मांजरीला दाणे टाकत होती. मेरिदाच्या इस्पितळात अशा डोळ्यांवर उपाय करतात. पण आधी तिला खरं कुणीतरी सांगायला हवं, आणि माझ्या तोंडून तिने गेल्या चाळीस वर्षांत काही ऐकलेलं नाही.

कास्तुला


२० मार्च १९९६

कास्तुलाबाईंना नमस्कार,

तुम्हीच सांगा. माझ्याकडून गेलं तर ती पत्र चुलीत घालेल. तुम्हाला चुलीत घालता येणार नाही.

जाताना पाव न्या, चीज घातलेला, गरम. खाताना तिला भांडता येत नाही.

माझ्या आजीला पुसलंत. मी जे करायला हवं होतं ते तुम्ही केलंत. हे कसं फेडू मला कळत नाही.

मिर्ना


९ जून १९९६

मिर्ना,

हे पत्र कास्तुला लिहिते आहे आणि मी सांगते आहे. (मी, कास्तुला, ती म्हणते तसंच लिहिते. पटतंच असं नाही.)

ती एप्रिलमध्ये पाव घेऊन आली. मला वाटलं, कुणीतरी मेलं. मग तिने सगळं सांगितलं आणि मी तिला घराबाहेर काढलं. (पाव ठेवून घेतला.) दोन आठवडे मी तिच्याशी बोलले नाही, म्हणजे नेहमीसारखंच. पण रोज सकाळी मनात तोच विचार यायचा. मी तीन तास बोनिफासियाला मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्याच तोंडावर तिला चोरटी म्हणत होते! कवटी चोळत चोळत! आणि तिने सगळं निमूट ऐकून घेतलं. न घेऊन करते काय, उत्तर देण्याची सोय नव्हती. पण मला लाज वाटली. पोरी, खरंच फार लाज वाटली. आईला तर मी धुळीत तशीच सोडून आले होते, आणि तिला उचलून घेतलं ते या बाईने. (हे लिहिताना मला थांबावं लागलं.)

मग मीच कुंपणापाशी गेले आणि हाक मारली.

डोळ्यांचं खरं आहे. तीन वर्षं झाली. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दया म्हणून आली असतीस. मला तू आजीसाठी यायला हवी होतीस.

आता तुझ्या फोनचं. त्या दिवशी मी आईच्या शेजारी उभी होते. आई तुला परत ये म्हणणार नव्हती. तू तिला तो शिट्टीचा कुकर पाठवला होतास ना? त्यात काळा घेवडा किती शिट्ट्या शिजवायचा, हे तिला विचारायचं होतं. कुकरला ती इतकी घाबरायची की तो चुलीवर ठेवून अंगणात जाऊन उभी राहायची. तू नाहीस असं कळल्यावर ती म्हणाली, "पोरगी कामात आहे, चांगलं आहे," आणि घरी येऊन मडक्यातच शिजवला. एवढंच. आठ वर्षं तू त्या घेवड्यासाठी रडते आहेस. मी हे तेव्हाच लिहायला हवं होतं, पण तू रडतेस हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटत होतं, तुला किळस येते.

इस्पितळाचं बघू.

फिदेलिया
(इस्पितळात नाव घातलं आहे. तिला अजून माहीत नाही. कास्तुला.)


१ ऑक्टोबर १९९६

आत्या,

घेवड्याच्या ओळी वाचल्या आणि इस्त्रीच्या खोलीत इतकी हसले की मुकादमीण बघायला आली. मग इतकी रडले की तिनेच मला घरी पाठवलं. त्याच वेळी सुटी मागून घेतली. अठ्ठावीस तारखेच्या बसने निघते.

कापड हाताने भरलं आहे. तीनदा उसवलं. सात पाकळ्यांचं फूल आठवतं असं मला वाटत होतं, पण बोटांना आठवत नव्हतं. शेवटी डोळे मिटून आजीचा हात आठवला, तेव्हा जमलं. टाके सैल आहेत, आत्ताच सांगून ठेवते.

कापडं दोन आहेत. दुसऱ्यावर बोनिफासियाचं नाव आहे. रागावणार असशील तर मी यायच्या आत रागावून घे.

डोळ्याचा उपाय झाल्याचं कास्तुलाबाईंनी कळवलं. पट्टी निघाली का?

मिर्ना


१७ नोव्हेंबर १९९६

मिर्ना, पोरी,

हे मी स्वतः लिहिते आहे, एका डोळ्याने. दुसऱ्याचं जानेवारीत.

तू गेल्यापासून झुला रिकामा आहे, मी मुद्दाम काढला नाही. पिबचा उरलेला तुकडा कास्तुलाने नेला, तुझा म्हणून मी लपवला होता तोही.

तू आईला मांडीवर घेतलंस तेव्हा मी तोंड फिरवून उभी राहिले, तुला वाटलं असेल ऊन लागतंय. तू त्या गाठीवर बोट ठेवून किती वेळ बसलीस. काय बोललीस ते मी ऐकलं नाही. "शिट्ट्या" एवढाच शब्द ऐकू आला. मला ते बरं वाटलं. आई ऐकून हसली असेल.

काल समितीची पक्की यादी दफनभूमीच्या फाटकावर लागली. कास्तुला आणि मी बघायला गेलो. तिने चष्मा आणला नव्हता, म्हणून मीच वाचली, माझ्या नव्या डोळ्याने. "इसिद्रा. आज: फिदेलिया. उद्या: मिर्ना." तुला सही करताना मी बघितलंच होतं, तरी वाचून पोटात निवलं. आता मी कधीही मेले तरी चालेल, म्हणजे जानेवारीनंतर.

मग कास्तुला म्हणाली, "आमचं वाच. रिकामंच असेल, पण वाच." मी वाचलं. "बोनिफासिया काउइच. आज: कास्तुला. उद्या: मिर्ना."

ती म्हणाली, "तुझा डोळा अजून कच्चा आहे. ओळ चुकली असेल. परत वाच." मी परत वाचलं. बोट ठेवून वाचलं. सही तुझीच होती पोरी, आणि तू बसमध्ये चढेपर्यंत आम्हा दोघींना काही सांगितलं नाहीस. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग ती ओट्यावर बसली आणि गुडघे चोळत राहिली. तिचे तिघे मुलगे आहेत मिर्ना. तिघांनाही तिने पत्रं लिहिली होती.

घरी परत येताना अर्ध्या वाटेत म्हणाली, "त्या पोरीला लिही. माझ्या नावाचं कापड आत्तापासून भरायला घे म्हणावं. मला घाई नाही. पण तिचे टाके फार सैल आहेत, सुधारायला वेळ लागेल."

तर लिहिते आहे.

तुझी आत्या,
फिदेलिया

ओळी बघ. टेबल तेच आहे.